साहित्य आणि कृती

मैत्रिणींनो, पुरवणीतलं सगळ्यात जास्त कापून ठेवलं जाणारं पान कोणतं, सांगा बरं? माझा हा कॉलम नक्कीच नव्हे. रेसिपीचं पान! पिठाच्या डब्याखाली, ओट्याजवळच्या खिळ्याला, पंचांगाच्या पानांत, कुठं कुठं ती पिवळी पडलेली कात्रणं सापडतात. मोबाइलवर व्हिडिओ आले तरी ती गेली नाहीत. आणि या पानाचा साचा वर्षानुवर्षं तोच. आधी ‘साहित्य’, मग ‘कृती’. दोन वाट्या हे, पाव चमचा ते, मीठ चवीनुसार. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं १९७० मध्ये वाटी-चमच्याची मापं घराघरांत नेली. नव्या नवरीनंही पुस्तक उघडं ठेवून स्वयंपाक करावा, इतकी ती सोपी. बाईनं बाईला हातात हात धरून शिकवावं, तशी ही भाषा आहे.

आज या साच्याबद्दलच बोलायचंय. कारण पुण्यात वाढलेल्या राज्यश्री गुडी या कलावंत बाईंनी हाच साचा उचलून त्याची कलाकृती केली आहे. गुडी सिरॅमिकमध्ये काम करतात, छायाचित्रं वापरतात, छापील मजकूर वापरतात. आठवण, अन्न आणि जात हा त्यांच्या कामाचा विषय. त्यातलं एक काम असं, की दलित लेखक-लेखिकांच्या आत्मकथनांत जिथं जिथं खाण्याचा प्रसंग येतो, तो घ्यायचा आणि त्याची रेसिपी करायची. आत्मकथनातला ‘मी’ काढायचा आणि तिथं ‘तू’ घालायचा. बस्स, एवढंच. दुसरं काही रंगवायचं नाही, सजवायचं नाही.

एवढ्यानं काय होतं, ते मी स्वतःच करून बघितलं. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४) तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल, निदान नाव ऐकलं असेल. त्यात आजी शेण गोळा करून आणते, कारण त्या शेणात न पचलेले ज्वारीचे दाणे असतात. ते ती धुते, वाळवते, दळते आणि त्याची भाकरी करते. हे वाचताना आपण हळहळतो. ‘अरेरे’ म्हणतो. पान उलटतो. आता त्याची रेसिपी करा. शेण गोळा कर. पाण्यात कालव. दाणे निवडून घे. तीन-चार पाण्यांनी धू. उन्हात वाळव. जात्यावर दळ. भाकरी थाप. नातवाला वेगळी भाकरी कर, ही तू खा.

फरक कळला? मगाशी ती आजी लांब होती, पुस्तकात होती. आता माझे हात त्या पाण्यात आहेत. रेसिपीची भाषा हुकूम करणारी असते आणि आपण बायका तिचा हुकूम मुकाट मानत आलोय. ‘परता’ म्हटलं की परततो. म्हणून हे काम माझ्यासारखीला इतकं आतवर लागलं असावं. एरवी मॉडर्न आर्ट म्हटलं की मी चार पावलं मागंच सरते. आमच्या हिमायतनगरात आर्ट गॅलरी नाही. बघायचीच तर नंदीग्राम एक्स्प्रेस धरून मुंबईला जायचं आणि पांढऱ्या भिंतीवर एक काळा ठिपका बघून परत यायचं, अशीच आपली समजूत. गुडींचं काम मीही फोनच्या एवढ्याशा पडद्यावरच पाहिलं. पण ज्या वस्तूतून त्यांनी कला केली, ती वस्तू माझ्या ओट्यावर खिळ्याला लटकलेली आहे!

बरं, स्वयंपाकाची कला ही काही नवी कल्पना नाही म्हणे. रिर्क्रिट तिरावनिजा नावाच्या थाई कलावंतानं १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत चूल मांडली, थाई रस्सा-भात शिजवला आणि आलेल्या-गेलेल्याला फुकट वाढला. त्याचं जगभर नाव झालं. आपल्यातल्या कितीजणींनी तीस-तीस वर्षं आल्या-गेल्याला फुकट वाढलं, त्याचा हिशोब कुणी मांडावा? पण ते असो. तिरावनिजाला लोकांनी एकत्र बसून जेवावं एवढं हवं होतं. गुडींच्या कामात जेवण नाहीच. जेवण कसं मिळालं, किंवा कसं मिळालं नाही, एवढंच आहे.

आपल्या भाषेत एक गंमत आहे बघा. स्वयंपाकाचं सामान तेही साहित्य, आणि कथा-कादंबऱ्या तेही साहित्य. करण्याची पद्धत ती कृती, आणि कलावंत जी घडवतो तीही कृतीच. गुडी बरचसं काम इंग्रजीत करतात. पण ही कल्पना मराठीत जितकी चपखल बसते तितकी दुसरीकडं क्वचितच बसेल.

हे त्यांनी एकटीनं शून्यातून उभं केलं असंही नाही. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ नावाचं एक पुस्तक केलं. हे ताट भारतीय नाही का, असा सरळ सवाल. ‘भारतीय जेवण’ म्हणून जी चित्रं छापली जातात त्यांत कुणाचं ताट दिसतच नाही, हे वर्गात बसून सगळ्यांनी मिळून शोधलं. रेगे बाई २०१३ मध्ये गेल्या. असा वर्ग आपल्यालाही मिळाला असता तर, असं मला राहून राहून वाटतं.

आणि मग आपल्या मराठवाड्याचं पुस्तक. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’, २०१५ साली आलेलं. पाटोळे धाराशिव जिल्ह्यातले. नावातला तो ‘अ’ बघा. लहानपणी पाटावर बसलं की जो श्लोक म्हणायला लावत, त्याला लावलेला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या घरांत काय शिजायचं, कसं शिजायचं, ते या पुस्तकात आहे. तेल-तूप जिथं औषधालाही नाही, तिथं चव कशी आणायची. येसूर कसा करायचा. मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या कशा करायच्या, रक्ती कशी करायची. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’, आणि मग कुठं देशभरात त्याची चर्चा झाली. आमच्याकडं मात्र मी विचारलेल्या दहाजणींत ते एकीनंही पाहिलेलं नव्हतं. आणखी एक. ज्या २०१५ साली हे पुस्तक आलं त्याच साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. म्हणजे पुस्तक दुकानात येतं न येतं तोच त्यातल्या काही पदार्थांचं साहित्य बाजारातून गेलं. आता त्या रेसिपी वाचायच्या, करून बघायच्या नाहीत. आठवणीच झाल्या त्या.

आता तुम्ही म्हणाल, भुकेच्या आठवणी कशाला उकरायच्या? पोटभर खायला मिळतंय, लेकरं शिकताहेत, झालं गेलं गंगेला मिळालं. याला माझ्याकडं सरळ उत्तर नाही. पण एक हकीगत सांगते.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या टेरेझीन इथं ज्यू लोकांना कोंडून ठेवलं होतं. तिथं बायका उपाशी मरत होत्या. आणि त्या उपाशी बायका रात्री बसून एकमेकींना रेसिपी सांगत. केकच्या, भरल्या बदकाच्या, सणाच्या गोडाधोडाच्या. एक म्हणायची, अंडी इतकी, दुसरी म्हणायची, छे, आमच्याकडं इतकी नाही घालत. यावरून भांडणं! मिना पेश्टर नावाच्या बाईंनी मिळतील त्या कागदांवर या रेसिपी लिहून घेतलेल्या जपल्या. १९४४ मध्ये त्या तिथंच गेल्या. जाण्याआधी त्यांनी ते बाड एका ओळखीच्या माणसाकडं दिलं, माझ्या लेकीला पोचव म्हणून. हाती हाती फिरत ते पोचायला पंचवीस वर्षं लागली. लेक तेव्हा न्यूयॉर्कला होती. १९९६ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यातल्या कित्येक रेसिपी धड नाहीत. कुठं पीठ राहिलंय, कुठं भाजायचं राहिलंय. भुकेल्या मेंदूला सगळं कुठून आठवणार?

तिथं उपाशी बायका भरल्या ताटाच्या रेसिपी आठवत होत्या. आपल्याकडं उलटं आहे. ताट भरलेलं आहे आणि उपाशी दिवसांच्या रेसिपी ज्यांना ठाऊक आहेत, त्या एकेक करून चालल्या आहेत.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कुरडयांचा घाट घातला होता. गच्चीवर आम्ही नऊ-दहा जणी. काही बचत गटातल्या, काही शेजारच्या, दोन-तीन वस्तीकडच्या, ज्या कामाला म्हणून बोलावल्या होत्या आणि दुपारपर्यंत आमच्यातच बसल्या होत्या. चीक शिजेपर्यंत हात मोकळे, तोंड मोकळं. मी गुडींच्या कामाबद्दल सांगितलं. मुद्दाम ‘कला’ वगैरे म्हटलं नाही. म्हटलं, पुण्याची एक मुलगी जुन्या, गरिबीतल्या खाण्याच्या रेसिपी लिहिते. आपणही लिहू या का?

पहिल्यांदा निघालं ते अर्थातच बहात्तर साल. आमच्याकडं बहात्तरचा विषय काढला की मुक्यालाही वाचा फुटते. लाल मिलो! अमेरिकेहून आलेली ती ज्वारी, रंगानं लाल, चवीला नकोशी. आणि सुकडी. दुष्काळी कामावर मिळणारी ती सुकडी पदराच्या टोकाला बांधून लेकरांसाठी घरी आणायची. खडी फोडून हातांना फोड, आणि त्याच हातांनी रात्री भाकरी थापायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांत बायकाही भरपूर. पाटलाची सून आणि तिच्या शेतातली मजूर एकाच रस्त्यावर खडी फोडताना दिसली, हे आमच्याकडं अजून सांगतात. हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, तरोट्याची भाजी, कुर्डूची भाजी. सगळ्याजणी एकदम बोलत होत्या. माझी लिहिण्याची धांदल उडाली. एक काकू म्हणाल्या, तरोटा आधी उकडून पिळून घ्यायचा. दुसऱ्या म्हणाल्या, छट्, कोवळा असला तर काही पिळायचा नाही. टेरेझीनच्या बायकांसारखंच भांडण जुंपलं.

मी वहीत लिहीत होते, ‘साहित्य: कोवळा तरोटा, लसूण असल्यास, मीठ असल्यास’. ‘चवीनुसार’ लिहायला हात धजावेना.

या सगळ्या गोंधळात एक आजी गप्प होत्या. वस्तीतल्या. सत्तरीच्या पुढं असतील. मी म्हटलं, आजी, तुमच्याकडं बहात्तरला काय केलं?

त्या म्हणाल्या, “आमच्याकडं बहात्तर काय आन् एक्काहत्तर काय, माय. सारखंच व्हतं.”

गच्चीवर एकदम शांतता झाली. चिकाचा बुडबुडा तेवढा फुटल्याचा आवाज.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. शिळ्या तुकड्यांची भाजी. भाकरीचे तुकडे मागून आणायचे, ताजे असतील ते लेकरांना, उरलेले पत्र्यावर वाळत घालायचे. पावसाळ्यात काम नसलं की तेच वाळके तुकडे पाण्यात शिजवायचे. मिरची असली तर मिरची, मीठ असलं तर मीठ. मी माझ्या सवयीनं विचारलं, साहित्यात काय लिहू? भाकरी किती?

“साईत्यात घरं लिव्ह,” आजी म्हणाल्या. “सात घरं.”

आणि त्यांनी घरं मोजली. नावानिशी. त्या सातांतलं एक घर आमच्याबरोबर चीक घोटत असलेल्या वहिनींच्या सासरचं निघालं. वहिनी माझ्याच वयाच्या. त्यांच्या हातातला घाटा थांबला. त्यांची सासू आता नाही. थोड्या वेळानं त्या इतकंच म्हणाल्या, “आत्याबाई वरून टाकायच्या. मी नवीन होते तेव्हा पाहिलंय.” आजी म्हणाल्या, “टाकायच्या. पण रोज टाकायच्या.” हे चांगलं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून, मला आजतागायत कळलेलं नाही.

मैत्रिणींनो, मला या प्रसंगाचं ‘हृदयस्पर्शी’ वगैरे काही करायचं नाही. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. चीक झाला होता, तो सोऱ्यात भरला, कुरडया घातल्या. पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. बहात्तर सालची भूक आपण इतक्या मोकळेपणानं सांगतो, जवळजवळ अभिमानानं सांगतो. कारण ती भूक आभाळानं दिलेली. त्यात कुणाचा दोष नाही. आम्ही सोसलं, आम्ही तरलो. दुसरी जी भूक आहे ती गावानं दिलेली. ती सांगायची तर सात घरांची नावं येतात. म्हणून ती कुणी विचारत नाही आणि जिला ठाऊक आहे ती सांगत नाही. एकाच गल्लीच्या दोन आठवणी आहेत, आणि त्यातली एकच आपण ‘आपल्या गावाची आठवण’ म्हणून पुढच्या पिढीला देतो.

रेसिपीच्या साच्यात ती दुसरी आठवण सांगता आली, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजींना मी, ‘तुमच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल सांगा’ असं विचारलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या. कुणीही जाईल. पण भाजी कशी करायची हे कोणतीही बाई कोणत्याही बाईला सांगते. त्यात दया मागायची नसते. उलट सांगणारी शिकवणारी असते आणि ऐकणारी शिकणारी. त्या दुपारी गच्चीवर आजी आम्हाला शिकवत होत्या. आम्ही विचारत होतो, तुकडे किती वेळ शिजवायचे, पाणी गार की कढत. हे मी चाळीस वर्षांत या गल्लीत पाहिलं नव्हतं.

आणि हे एकटीला जमलं नसतं. मी वही घेऊन त्यांच्या घरी गेले असते तर फक्त तुकड्यांची भाजी कळली असती. सातवं घर कळलं ते वहिनी तिथं बसल्या होत्या म्हणून. आजींच्या आठवणीचा निम्मा भाग आजींकडं होता आणि निम्मा वहिनींकडं. देणाऱ्या हातालाही काही आठवत असतंच की! ते मात्र आत्मकथनांत सापडत नाही, कारण त्या बाजूनं कुणी लिहिलेलंच नाही. आमच्या आज्ज्यांनी ‘रुचिरा’ घेतली, सासवांनी लोणची-मुरंब्याच्या वह्या केल्या, पण दारात आलेल्या टोपलीत काय टाकलं, कसं टाकलं, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

तरी एक भीती वाटते, तीही सांगून टाकते. उद्या या रेसिपींची स्पर्धा निघेल. ‘आजीच्या काळातले पौष्टिक पदार्थ’! शिळ्या भाकरीची काला-मिसळ, वरून कोथिंबीर, परीक्षक कुणी शेफ. हसू नका, माडग्याचं झालंय हे. शहरातल्या हॉटेलात हुलग्याचं माडगं ‘सूप’ म्हणून मिळतं म्हणतात. माडग्याचं काही बिघडत नाही त्यानं, चांगला पदार्थ आहे. पण सात घरं वगळून तुकड्यांची भाजी छापली, तर मग न छापलेलीच बरी. साहित्यातली पहिली ओळच काढून टाकल्यासारखं होईल ते.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. विसरणं हेसुद्धा कधी कधी ठरवून केलेलं असतं. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळंपाकं मागणं सोडा. घराघरांतून लोकांनी ते सोडलं. उपाशी राहून सोडलं. ज्या बाईच्या घरात आधीच काही नाही, तिनं आहे त्यातलंही अर्धं सोडायचं, याला काय लागत असेल, विचार करून बघा. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचा, ते आधी १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं होतं, म्हणजे आपल्यासारख्याच पानांतून. मग चार वर्षांनी पुस्तक झालं. त्यात ती भूकही आहे आणि तो बदलही आहे. तेव्हा एखादी आजी जुनं खाणं सांगत नाही, ती लाजेनंच गप्प आहे असं समजायचं कारण नाही. ते खाणं तिनं, तिच्या आईनं हट्टानं टाकलेलं असतं. ते पुन्हा उचलून वहीत आणणारे आपण कोण?

गुडींच्या एका दुसऱ्या कामाबद्दल वाचलं तेव्हा मला याचं थोडं उत्तर मिळाल्यासारखं झालं. त्यात रेसिपी नाहीत. त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाच्या अल्बममधले फोटो आहेत. वाढदिवस, सहली, पंगती. माणसं मजेत जेवताहेत, केक कापताहेत, एकमेकांना भरवताहेत. ‘ईट विथ ग्रेट डिलाइट’ असं त्याचं नाव. मनापासून, आनंदानं खा. आपल्या सगळ्यांकडं असतात तसले फोटो, फ्लॅशनं डोळे लाल झालेले. भुकेच्या रेसिपी आणि हे फोटो, दोन्ही एकाच बाईनं केलं, हे मला फार बरं वाटलं. नुसत्या रेसिपी असत्या तर आपल्यासारख्यांनी हळहळून मोकळं व्हायचं आणि त्या लोकांना कायम टोपली घेऊन दारातच उभं ठेवायचं, असं झालं असतं. आमच्या आजींचंच बघा. तुकड्यांची भाजी सांगून झाल्यावर मी पुढचं पान उलटलं तर म्हणाल्या, “आता नातीच्या नोकरीच्या पेढ्याचं पन लिव्ह.” ती रेसिपीही वहीत आहे. खवा नांदेडहून आणलेला.

ही नात नांदेडला असते, एका औषधाच्या दुकानात नोकरी करते. तिला हे कळल्यावर तिनं मला फोन केला. चांगली बोलली, पण स्पष्ट बोलली. “मावशी, आजीला बोलायला बरं वाटलं असेल. पण आमच्या लग्नांच्या गोष्टी चालल्यात. ती सात घरं गावात अजून आहेत. तुम्ही पेपरात लिहिणार आणि लोक आमच्याकडं बघणार. त्यांच्याकडं कोणी बघणार नाही.”

शेवटचं वाक्य तिनं जरा थांबून म्हटलं. मला त्याला उत्तर सुचलं नाही. तिला मी विचारलं, नावगाव न घालता, घरांची नावं न घालता लिहू का? ती म्हणाली, आजीशी बोलून सांगते. दोन दिवसांनी आजींचाच निरोप आला, घाल म्हणून. मात्र सात घरं हवीत, नावं नसली तरी चालतील. त्यांच्या परवानगीनं एवढं इथं लिहिलंय.

वहिनींनीही एक पान लिहून दिलं आहे. न मागता. त्यात साहित्य आहे, ‘रात्रीच्या उरलेल्या भाकरी, सकाळी नऊनंतर’. कृतीखाली दोन ओळी आहेत आणि त्यातली एक खोडलेली आहे. ती काय होती ते मी विचारलं नाही.

वही सध्या माझ्याकडं आहे. अठरा रेसिपी झाल्यात, त्यातल्या अकरा बहात्तर सालच्या. मूळ वहीत आजींच्या पानावर घरांची नावं आहेत, म्हणून ते पान मी दुमडून टाचणी लावून ठेवलंय. दिवाळीत नात घरी येईल तेव्हा आजी, नात आणि वहिनी अशा तिघी बसून ठरवणार आहेत, टाचणी काढायची की पानच फाडायचं. मला त्या बैठकीला बोलावलेलं नाही. वही तेवढी पाठवून द्या, असा निरोप आहे.